बॉडी तयार आहे

“हात वर करा. अजून थोडे. आता श्वास सोडा. धरून ठेवू नका बाई, फोटो काढत नाही मी.”

मी श्वास सोडला. मार्थाबाईंनी टेप पाठीमागून पुढे आणली, दोन बोटं आत सरकवून ताण बघितला आणि तशीच धरून ठेवली.

“आता बसा. वाका. चप्पल उचलल्यागत करा. उठा.”

माप घ्यायची त्यांची ही रीत होती. नुसत्या उभ्या बाईचं माप त्या धरतच नसत. मिरजेत मिशन कंपाऊंडात दोन खोल्यांच्या घरात त्या राहत. दवाखान्याच्या शिवणखात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पोटाचे पट्टे, कमरेचे पट्टे आणि छातीचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी एका बाजूला कापूस भरलेल्या ब्रा त्या शिवत. निवृत्त झाल्यावर हेच काम घरी सुरू होतं. ब्रा हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांच्या वयाच्या बहुतेक बायकांसारखं त्या ‘बॉडी’ म्हणत.

टेप काढताना त्यांचा हात थांबला.

“हे परत कसं आलं?”

डाव्या बाजूला, छातीखालच्या घडीत, बोटभर लांबीची ओली लाल जखम होती.

“घाम येतो,” मी म्हणाले. “रोज सहा किलोमीटर चालते.”

“जूनमध्ये बी चालत होता. तेव्हा भरून आलं होतं की. मी दिलेली घालता का नाही?”

“घालते.”

मी काढून खुर्चीवर ठेवलेली ब्रा त्यांनी दोन बोटांनी उचलली. ती दुकानातली होती, बेचाळीस नंबरची, माझं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं तेव्हाची. पट्टा शेवटच्या हुकात अडकवूनही पाठीवर वर चढायचा आणि पुढची तार दिवसभर एकाच जागी घासत राहायची.

“ही मी दिलेली?” मार्थाबाई म्हणाल्या.



ही २००३ च्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेत होते. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ श्रेणिक, त्याची बायको राजमती आणि मी असे तिघं आम्ही आईवडिलांच्या पश्चात एकाच घरात राहत होतो, ते दोघं खाली आणि मी वर. श्रेणिक मोजणी खात्यात होता. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून द्यायचं त्याचं काम. आदल्या दिवाळीत त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, आणि तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो मिशनच्या दवाखान्यात डायलिसिसला जायचा. किडनी द्यायला राजमतीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. पुढच्या सगळ्या तपासण्याही जुळल्या. फेब्रुवारीत पुण्याच्या डॉक्टरांनी बोट ठेवलं ते फक्त माझ्या वजनावर. उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर, वजन चौऱ्याऐंशी.

“बहात्तरच्या आत या,” ते म्हणाले. “ज्या दिवशी याल त्या दिवशी फोन करा. मी तारीख देतो.”

आम्ही परत आलो तेव्हा शेजारच्या इंदूकाकू ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “देव बघूनच करतो बाई. तुला पोर ना बाळ, म्हणून तुझंच जुळलं.” राजमतीने त्याच संध्याकाळी माझ्या भाकरीचं पीठ मोजून घेतलं.

वजन उतरतं ते सगळीकडून सारखं उतरत नाही. माझी आधी पाठ उतरली आणि बरगड्यांवरचं मांस. कप भरलेले आणि पट्टा सैल, अशी दोन महिने अवस्था होती. मग कपही वरून रिकामे पडायला लागले, पण खालून नाही. मी सांगलीच्या एका मोठ्या दुकानात गेले. काउंटरमागच्या माणसाने विचारलं, “साइज?”

“नक्की सांगता येणार नाही. वजन कमी होतंय.”

“मग झाल्यावर या की मॅडम. रोज कुठं बदलत बसणार?”

शेजारच्या दोघीजणी साड्या बघता बघता हसल्या. त्याने तरी चाळीस नंबरची दोन खोकी पुढे सरकवली. कप कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला, “आमच्याकडं सगळा ‘बी’ कपच येतो.” पट्टा जेमतेम बसला, बाकी काहीच बसलं नाही. तीन आठवड्यांनी पट्टाही सैल पडला. एप्रिलपर्यंत छातीखाली जखम झाली होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती बघून विचारलं, “ऑपरेशन कधी आहे?”

“वजन उतरलं की.”

“उघडी जखम असेल तर घेणार नाहीत. घासणारं काही घालायचं नाही. ओलसर घालायचं नाही. हे कपडे उन्हात वाळवता का?”

मी नाही म्हणाले. आमच्याकडे ते दोरीवर टॉवेलखाली वाळतात, सगळ्यांच्याच घरी तसेच वाळतात. डॉक्टरीणबाईंच्या घरीही बहुधा तसेच वाळत असावेत, कारण पुढे त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर मार्थाबाईंचा पत्ता लिहून दिला.

मार्थाबाई वहीत आकडे लिहीत नसत. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक पट्टी असे, मांजरपाटाच्या काठाची, सव्वा वार लांब. छातीखालचं माप पट्टीवर धरायचं आणि तिथे रंगीत दोऱ्याने एक टाका घालायचा. टाक्याशेजारी शाईने महिना. माप बदललं की नवा टाका, नव्या रंगाचा. जुना टाका उसवायचा नाही. “बाईला कळाय नको, कुठनं आली ते?” असं त्यांचं म्हणणं. माझ्या पट्टीवर एप्रिलचा टाका लाल होता, मेचा हिरवा, जूनचा पिवळा. मला ती पट्टी बघायला आवडायची. मी वहीत काढलेल्या आलेखापेक्षा ती जास्त अचूक होती, कारण तिच्यावर मी काहीच लिहीत नव्हते.

त्यांनी शिवलेल्या ब्रा पांढऱ्या मांजरपाटाच्या, बिनतारेच्या, दिसायला अगदी साध्या. पण पहिली घातली त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत विसरून गेले होते की अंगात काही आहे. दर महिन्याला त्या बाजूची शिवण एक इंच आत घ्यायच्या आणि कपाची कळी नव्याने कापायच्या. जखम मेअखेर भरली. जुलैत मी त्यांच्याकडे गेलेच नाही.

आता ऑगस्टचा टाका त्या निळ्या दोऱ्याने घालत होत्या. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाल्या, “चौतीस. वजन किती भरलं?”

“चौऱ्याहत्तर.”

त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मार्थाबाई,” मी म्हणाले, “या वेळी आतून मापाची करा. पण पुढून थोडी भरून द्या. बाहेरून पूर्वीसारखं दिसलं पाहिजे.”

“पूर्वीसारखं म्हणजे?”

“फेब्रुवारीत होतं तसं.”

त्यांनी सुई उशीत खोचली.

“माझ्याकडं बारीक दिसायला बाया येत्यात. उभार दिसायला येत्यात. जाड दिसायला आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

“घरी म्हणतात, फार उतरलीस. नजर लागेल.”

“परत बोला बघू.” त्यांनी टेप पुन्हा माझ्याभोवती घातली होती. “घरी काय म्हणत्यात?”

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

“खोटं बोलताना तुमचा श्वास वर चढतो,” त्या म्हणाल्या. “पाव इंच. टेपला कळतंय, मला कळू दे नको दे.” टेप गुंडाळून त्यांनी डब्यात टाकली. “कापूस माझ्याकडं हाय. पण तो कापलेल्या बायांसाठी ठेवलाय मी. तुमचं सगळं जागच्या जागी हाय. भरून देणार नाही. मापाची देते, दोन नग. पुढच्या शुक्रवारी मी लेकीकडं सोलापूरला चालले, दोन महिन्यांसाठी. त्याच्या आधी घेऊन जावा. फोन नंबर लिहून ठेवा तिथं.”

मी नंबर लिहिला. घरचा, खालच्या खोलीतला. मोबाइल तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

रविवारी सकाळी वजन करायची माझी पद्धत होती. काटा वर माझ्या खोलीत होता. वजन करायचं, वहीत लिहायचं आणि खाली येऊन आकडा सांगायचा. त्या रविवारी मी खाली आले तेव्हा राजमती चहाचं आधण ठेवत होती.

“किती, वन्सं?”

“चौऱ्याहत्तर.”

“थांबलंच की हो. संध्याकाळची भाकरी बंदच करायची का? चातुर्मास आहेच. एकाशन धरलं तर धर्मपण होईल.”

“तिला खाऊ दे,” श्रेणिक आतून म्हणाला. “मुतखडा थोडाच काढून घ्यायचाय तिच्याकडून, चांगली धष्टपुष्ट किडनी पाहिजे मला.”

राजमती हसली नाही. तिने माझ्या कपात साखर घातली नाही आणि श्रेणिकच्या कपात मोजून अर्धा कप चहा ओतला, कारण त्याला दिवसभरात पाणी, चहा, आमटी सगळं मिळून एक लिटरच चालायचं.

त्या आठवड्यात शुक्रवारी मी अभ्यासक्रमाच्या बैठकीसाठी तासगावला गेले होते. निघताना मार्थाबाईंची आठवण झाली होती. परत येताना जाऊ, असं ठरवलं होतं. बैठक लांबली. एसटीने मिरजेला उतरले तेव्हा साडेपाच वाजले होते. उशीर झाला म्हणून सरळ घरी आले.

कोपऱ्यावरूनच दारात चपला दिसल्या. आमच्या नव्हेत. इंदूकाकूंच्या, समोरच्या उपाध्यांच्या, वरच्या आळीतल्या बायकांच्या. आमच्या जैनांत घरात कुणी गेलं की चपला अशाच पडतात, जोड न लावता. शुक्रवार होता. श्रेणिक सकाळी डायलिसिसला गेला होता. एरवी राजमती त्याच्याबरोबर जायची. त्या दिवशी पाण्याचा टँकर यायचा म्हणून थांबली होती.

मी फाटकाशी उभी राहिले. त्या दोन-तीन मिनिटांत मला रडू आलं नाही, देव आठवला नाही. मी हिशेब केला. वीस जुलैच्या रविवारी काट्याने एकाहत्तर पूर्णांक नऊ दाखवलं होतं. मी खाली येऊन चौऱ्याहत्तर सांगितलं होतं. त्यानंतर पाच रविवार. त्या पाच रविवारांत पुण्याला एक फोन करायचा होता, आणि तो मी केला नव्हता.

सैल कपडे घालत होते, जुन्या ब्रा घालत होते, जखम परत आलेली बघून मला वाईट वाटलं होतं आणि थोडं बरंही वाटलं होतं. हे सगळं मला त्या चपलांकडे बघताना एकदम, ओळीने दिसलं.

मग आतून श्रेणिकचा आवाज आला.

“अक्का, ये. तुझी बॉडी आलीय.”

आत सगळ्या बायका चहा पीत होत्या. राजमतीचे डोळे सुजले होते. श्रेणिक कॉटवर भिंतीला टेकून बसला होता, हाताला सुयांच्या जागी चिकटपट्ट्या. त्याच्या शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं.

“दोन वाजता फोन आला,” राजमती म्हणाली. “एक बाई म्हणाल्या, मिशनमधनं बोलतेय. बॉडी तयार हाय, पाचच्या आत येऊन घेऊन जावा. मी म्हटलं, कुणाची? तर म्हणाल्या, तुमच्याच घरातली की, मगदूमांची.”

“पुढचं सांग,” श्रेणिक म्हणाला.

“मी विचारलं, कधी झालं? म्हणाल्या, आत्ताच, जेवायच्या आधी.”

“आणि?”

“हूक तेवढे राहिले होते, असं पण म्हणाल्या म्हणे. मला ते ऐकूच आलं नाही.”

“मी रिक्षातून उतरलो,” श्रेणिक म्हणाला, “तर ओट्यावर काकू. त्यांनी तोंडाकडे बघितलंच नाही माझ्या. आधी पाय बघितले, सरळ आहेत का उलटे.”

“बघणारच की,” इंदूकाकू म्हणाल्या. “तुझी तिरडी कुणाकडनं आणायची ते ठरवून बसलो होतो आम्ही.”

आजही श्रेणिक ही गोष्ट सांगतो तेव्हा इंदूकाकूंनी पाय बघितले तिथून सुरू करतो आणि इथेच संपवतो. लोक हसून हसून बेजार होतात. पुढचं तो सांगत नाही.

बायका गेल्या. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून राजमती आत भाकरी थापायला बसली. तिचा आवाज आम्हाला येत होता आणि आमचा तिला.

“आम्हीच जाऊन घेऊन आलो,” श्रेणिक म्हणाला. “रिक्षा दारात होतीच. म्हटलं, बघू तरी कुणाची बॉडी. म्हातारी चांगली आहे. मला म्हणाली, तुम्ही अजून हाय म्हणायचं. मग राजमतीच्या हातात पुडकं दिलं, आणि हे.”

त्याने उशीखालून माझी पट्टी काढली.

“मी सोलापूरला चालले, बाईचं माप बाईपाशी असू दे, म्हणाली.”

त्याने पट्टी मांडीवर सरळ केली. मोजणीची टेप बाराव्या वर्षापासून वडिलांबरोबर ओढलेला माणूस. त्याला वाचून दाखवायची गरज नव्हती.

“एप्रिल साडेसदतीस,” तो म्हणाला. “मे साडेछत्तीस. जून साडेपस्तीस. महिन्याला इंच. बरोबर?”

“बरोबर.”

“ऑगस्ट चौतीस. जूनअखेर तू चौऱ्याहत्तर सांगितलंस. गेल्या रविवारी पण चौऱ्याहत्तर.”

“हो.”

“मग हा दीड इंच कुणाचा गेला?”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

मी तेव्हा समजावून सांगू शकले असते. टेप आणि काटा यांचा थेट संबंध नसतो, वजन तेच राहून माप कमी होऊ शकतं, हे खरंही आहे. वर्गात सांगितलं असतं तर मुलांनी लिहून घेतलं असतं.

“दहा हजारांत तीन,” मी म्हणाले.

“काय तीन?”

“किडनी देणाऱ्यांपैकी ऑपरेशनमुळे मरतात. दहा हजारांत तीन. डॉक्टरांनी सांगितलं होतं. एवढा आकडा आम्ही प्रयोगात धरत नाही. सोडून देतो.”

“मग?”

“मला सोडता येईना.”

पट्टीवरच्या निळ्या टाक्यावरून त्याने अंगठा फिरवला. तो चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

“अक्का,” तो म्हणाला, “शेजाऱ्यानं दहा फूट बांध कोरला तरी आम्ही आपणहून मोजायला जात नाही. आधी अर्ज लागतो. ज्याला पाहिजे त्यानं करायचा. मग दुसऱ्याला नोटीस जाते, त्याला हरकत घ्यायला मुदत असते. त्याशिवाय टेप टाकली तर ती मोजणीच नाही, कोर्टात उडते. मी फेब्रुवारीपासूनचं आठवून बघतोय. पुण्याला तुझं रक्त काढलं, तुझा फोटो काढला, तुझं पीठ मोजलं. तुला कुणी विचारलं होतं का?”

मी आठवून बघितलं.

“नाही,” मी म्हणाले.

“मीपण नाही. मी जोक करत होतो.”

राजमती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हात पिठाचे होते.

“आता अर्ज करतो,” श्रेणिक म्हणाला. तो कॉटवरून पाय खाली सोडून बसला. त्याला त्याचाही त्रास होत होता. “मला तुझी एक किडनी पाहिजे. देशील का? हरकत घ्यायची असेल तर घे. माझं मंगळवार-शुक्रवार चालू आहे, मी कुठं जात नाही. आणि हरकत घेतलीस तर इंदूकाकूंना काय सांगायचं ते मी बघतो.”

“मुदत किती असते?” मी विचारलं.

“पंधरा दिवस.”

“बरं,” मी म्हणाले.

आम्ही तिघं जेवलो. राजमतीने माझ्या ताटात एक पूर्ण भाकरी वाढली, न विचारता आणि न मोजता. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभी राहिले. मग पुडकं सोडलं. दोन नग होते, पांढरे, पुढे कापूस नाही, कळीची शिवण इतकी बारीक की बोटाला लागू नये. त्यातली एक घालून बघितली. बसले, वाकले, चप्पल उचलल्यासारखं केलं. मग ती काढली, नव्या कापडाची खळ जावी म्हणून दोन्ही साबणाने धुतल्या आणि गच्चीवर नेल्या. पुढच्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला, जिथे ऊन आठ वाजताच येतं तिथे दोन चिमटे लावून टांगल्या.

राजमती कपड्यांची बादली घेऊन वर आली. दोरीकडे तिचं लक्ष गेलं. तिने सवयीने बादलीतला टॉवेल उचलला, झटकला आणि दोरीपाशी नेला. तिथे ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग मागे जाऊन तिने तो टॉवेल दुसऱ्या दोरीवर, एकटाच, वाळत घातला.

“वन्सं,” ती म्हणाली, “पंधरा दिवस आहेत म्हणे.”

“आहेत.”

“मग?”

“मला एवढे लागत नाहीत,” मी म्हणाले. “वजन विचार.”

“किती?”

“एकाहत्तर पूर्णांक दोन.”